मारुती ८०० चं इंजिन: आकडे, आजार आणि कारण

(रहिमतपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय फलकावर लिहिला गेला तेव्हा आयोजकांपैकी एकाने मला फोन करून विचारलं, "सर, काही गफलत तर झाली नाही ना?" त्यांचंही बरोबर होतं. ज्या माणसाने आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तो मोटारीच्या इंजिनावर काय बोलणार? आणि बोललाच, तर इथे बसलेली गॅरेजची माणसं त्याला बोलू देतील का?

गफलत नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी दरवर्षी 'कार्यकारणभाव' शिकवायचो. म्हणजे एखादी गोष्ट घडली तर तिचं कारण कोणतं, आणि ते कारणच आहे हे ठरवायचं कसं. मुलं उत्तरं लिहायची, मी गुण द्यायचो. माझी स्वतःची परीक्षा मात्र १९९८ च्या मे महिन्यात खंबाटकी घाटात झाली आणि तिथे मी नापास झालो. त्या नापास होण्याची किंमत मी भरली नाही, दुसऱ्या एका पोराने भरली. ते पुढे सांगतो. आधी इंजिन समजून घेऊ, कारण त्याशिवाय माझी चूक तुम्हाला कळायची नाही.

आकडे काय सांगतात?

मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी गिऱ्हाइकाच्या हाती गेली. शेवटची गाडी तयार झाली ती जानेवारी २०१४ मध्ये. मधल्या तीस वर्षांत अशा २५ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. आपल्या भागात बऱ्याच घरांतली पहिली चारचाकी हीच. त्या गाडीतलं इंजिन सुझुकीचं. त्याचं नाव एफ८बी.

क्षमता ७९६ सीसी. हा 'सीसी' म्हणजे घन सेंटीमीटर. तीन सिलिंडर आहेत. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर. शाळेतलं सूत्र आठवा: वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची. गणित करून बघा, एका सिलिंडरचे साधारण २६५ सीसी येतात. तिनाने गुणा, ७९६. म्हणजे प्रत्येक सिलिंडर साधारण पाव लिटरच्या भांड्याएवढा. अशी तीन भांडी पाच माणसांना घाटावर चढवतात.

आता याच्या शेजारी आपल्या जुन्या 'फियाट'चं, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचं इंजिन ठेवू. ती गाडी मुंबईत कुर्ल्याला बनायची. तिची कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी काढली. सांगलीचं वालचंद कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, व्यास ६८ आणि धाव ७५ मिलिमीटर. एका सिलिंडरचे येतात २७२ सीसी. म्हणजे भांडं जवळजवळ तेवढंच. फियाटमध्ये चार, मारुतीत तीन. गंमत अशी की ताकद दोघांची फार वेगळी नाही. मारुतीची ३७ ते ३९ अश्वशक्ती धरा, पद्मिनीची चाळीसच्या आसपास. पण पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या जवळ, आणि मारुतीचं साडेसहाशेच्या आसपास. मारुती चपळ वाटायची ती मुख्यतः हलकी होती म्हणून.

तीन सिलिंडरांमुळे एक गोष्ट होते, ती सांगून टाकतो, कारण जुनी गाडी घेणारे पुष्कळजण तिथे फसतात. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेरीला एक स्फोट होतो. तीनच्या इंजिनात दर दोन-तृतीयांश फेरीला. शिवाय तीन पिस्टन वरखाली होताना इंजिनाला पुढेमागे डोलवतात. त्यामुळे गाडी उभी असताना, इंजिन मंद चालू असताना, स्टिअरिंगला थोडी थरथर जाणवणारच. हा स्वभाव आहे, आजार नाही. थरथर एकाएकी वाढली तर मात्र बघायला हवं. इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी माउंटिंग फाटलं असेल, नाहीतर तिनातला एक सिलिंडर काम करत नसेल.

आता वेगाचा हिशेब. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरतंय असं समजा. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते. म्हणजे मिनिटाला १५००, सेकंदाला २५. तिन्ही मिळून सेकंदाला ७५ ठिणग्या! मी 'नमस्कार' म्हणेपर्यंत पन्नासएक होऊन गेल्या असतील. आणि प्रत्येक वेळी आत जळणाऱ्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं.

इथे जरा थांबू या. या इंजिनाचा खालचा भाग, ज्याला ब्लॉक म्हणतात, तो बिडाचा आहे. वरचं झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना. मग २००० अंशांच्या शेजारी ते टिकतं कसं? ते टिकतं कारण त्याच्या पोटातून सतत पाणी फिरत असतं. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिच्यातला ढोबळमानाने चौथा हिस्सा चाकाला मिळतो. बाकीचा धुराबरोबर आणि पाण्याबरोबर बाहेर जातो. पाण्याने आपला वाटा नेला नाही, तर काही मिनिटांत सगळं बिघडतं.

पाण्याचा रस्ता

पाणी फिरवायला पंप आहे. या इंजिनात तो पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर एकाच रबरी पट्ट्यावर फिरतात. गॅरेजात त्याला 'फॅन बेल्ट' म्हणतात. खरं म्हणजे या गाडीचा पंखा विजेवर चालतो, पण जुन्या गाड्यांपासूनचं नाव चिकटलं ते चिकटलं. पट्ट्याची ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

पाणी इंजिनातून रेडिएटरमध्ये येतं. तिथे बारीक नळ्या असतात. त्यांतून जाताना ते हवेला उष्णता देतं आणि परत आत जातं. मध्ये थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन गार असताना ती बंद राहते आणि पाणी ऐंशी अंशांच्या पुढे तापलं की उघडते. रेडिएटरचं झाकणही साधं नसतं. ते आत दाब धरून ठेवतं, आणि दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही, ११५ च्या पुढे उकळतं. प्रेशर कुकरचं तत्त्व. म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण कधी उघडू नये. दाब सुटला की आतलं पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं.

आता हेड आणि ब्लॉक यांचं बघा. ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. दोघं बोल्टांनी घट्ट आवळलेले आणि मध्ये पातळ गॅस्केट. रोजच्या तापमानाला हे गॅस्केट दोघांचा संसार सांभाळून घेतं. पण इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की हेडला पसरायचं असतं आणि बोल्ट पसरू देत नाहीत. मग हेड वाकतं. केसभर वाकलं तरी गॅस्केट उडतं. पाणी तेलात जातं, तेलाचा रंग दूध घातलेल्या चहासारखा होतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. मागून पांढरा, जड धूर निघतो. छोट्या पेट्रोल इंजिनाचा हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात टाळता येण्याजोगा आजार.

खंबाटकी

माझी मारुती मी १९९२ साली जुनी घेतली होती. पांढरी. रोज रहिमतपूर ते सातारा आणि परत. रेडिएटरमध्ये पाणी थोडं कमी व्हायचं. मी दर आठवड्याला झाकण काढायचो आणि घरच्या विहिरीचं पाणी वर भरायचो. मला वाटायचं, मी गाडीची किती काळजी घेतो!

१९९८ च्या मे महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं. तिला घेऊन आम्ही परत येत होतो. पुढे मी आणि आई, मागे सौ. आणि दोन मुलं. आपल्या जिल्ह्यातलं खंडाळा मागे पडलं आणि घाट सुरू झाला. अर्ध्यावर काटा वर सरकायला लागला. मी बघितला. ऊन चढायच्या आत आईला घरी न्यायचं होतं, म्हणून म्हटलं, माथ्यावर जाऊन थांबू. काटा लाल पट्टीत गेला तरी मी थांबलो नाही. मग बॉनेटखालून वाफ आली आणि गाडी आपणहून थांबली.

आणि मी काय करावं? फडकं घेऊन झाकण उघडलं. हात भाजला तो भाजलाच. वर बाटलीतलं गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतलं. डोळ्याला पट्टी बांधलेली माझी आई दोन तास रस्त्याकडेला दगडावर बसली. मला अजून ते दिसतं.

त्या दोन तासांत मी एकच विचार करत होतो. आठच दिवसांपूर्वी गॅरेजात फॅन बेल्ट बदलून घेतला होता. तो बदलला होता तिथल्या हाताखालच्या पोराने. वय सतरा-अठरा. बेल्ट बदलला, आठ दिवसांत गाडी तापली. कारण सापडलं! दुसऱ्या दिवशी मी गॅरेजच्या मालकाकडे गेलो आणि चार माणसांत त्या पोराला नको ते बोललो. "माझ्या आईच्या जिवाशी खेळलास" असंही म्हणालो. तो एवढंच म्हणाला, "सर, बेल्ट मी नीट ताणलावता." मी ऐकून घेतलं नाही. मी प्राध्यापक, गावात मान. मालकाने त्याच संध्याकाळी त्याला कामावरून काढलं.

गाडी साताऱ्याला एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. त्यांनी हेड उतरवलं, पट्टी लावून दाखवलं की ते वाकलंय. मी त्यांना बेल्टची कथा सांगितली. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, घाटात ती बॅटरीची लाल बत्ती लागली होती का?"

मी आठवलं. नाही, लागली नव्हती. मी सारखा त्याच डॅशबोर्डकडे बघत होतो, लागली असती तर दिसलीच असती.

"मग पट्टा फिरतच होता की," ते म्हणाले. "पट्टा सुटला असता तर पंपाबरोबर अल्टरनेटरबी बंद पडला असता, आन् बत्ती लागली असती." त्यांनी पट्टा हातात दिला. ना तुटलेला, ना घसरून चकाकलेला. मग रेडिएटरची खालची टाकी उघडली. निम्म्या नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या होत्या. इंजिनाच्या पाण्याच्या वाटांतही तसाच थर. आपल्याकडे पाणी तापवायच्या बंबात आतून पापुद्रा धरतो ना, तोच.

"पाणी कुठलं भरता?" त्यांनी विचारलं. मी काही बोललो नाही.

कुंभाराचं गाढव

आता माझ्या विषयाकडे येतो. 'तर्कसंग्रह' हा न्यायशास्त्राचा छोटा ग्रंथ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. अन्नंभट्टाचा. न्यायशास्त्र म्हणतं, कारण म्हणायला दोन अटी लागतात. एक, ते कार्याच्या आधी नेमाने असलं पाहिजे. दोन, ते 'अन्यथासिद्ध' असता कामा नये. अन्यथासिद्ध म्हणजे हजर आहे, पण त्याच्यावाचून काही अडत नाही.

उदाहरण घड्याचं देतात. घडा व्हायला माती लागते, कुंभार लागतो, चाक लागतं, चाक फिरवायची काठी लागते. पण ज्या गाढवाने माती वाहून आणली ते? तेही घड्याच्या आधी तिथे होतं. म्हणून ते घड्याचं कारण का? नाही. माती डोक्यावरून आणली असती तरी घडा झालाच असता. कुंभाराचा बाप, काठीचा रंग, हेही त्याच यादीत. सगळे आधी होते, कारण कुणीच नाही.

माझ्या बाबतीत नवा बेल्ट म्हणजे ते गाढव. आधी होता, पण त्याच्यावाचून गाडी तापलीच असती. मग आठ दिवसांतच का तापली? कारण त्याआधी कित्येक महिने मी ती घाटावर नेलीच नव्हती. साताऱ्याच्या सरळ रस्त्याला निम्मा रेडिएटर पुरत होता. मे महिना, पाच माणसं आणि चढ, हे तिन्ही एकत्र आल्यावर उरलेल्या निम्म्याला ते पेललं नाही.

क्षार कुठून आला हेही सांगतो. आपल्या बऱ्याच विहिरींचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. तापलं की ते बाहेर पडून धातूला चिकटतात. पाण्याची वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात. मी वर नवं पाणी ओतायचो, म्हणजे नवे क्षार. सहा वर्षं मी दर आठवड्याला चमचा-चमचा दगड आत घालत होतो. पाणी कमी का होतंय हे मात्र एकदाही विचारलं नाही. एका होजच्या टोकाला बारीक गळती होती. ती बंद करायला पाच मिनिटं लागली असती.

आपल्या भाषेत म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. ही म्हण मी वर्गात दरवर्षी सांगायचो. स्वतःवर वेळ आली तेव्हा मला फक्त कावळा दिसला.

बाकीचे आजार, त्याच कसोटीवर

गाडीच्या दुरुस्तीत जी पद्धत चांगले मिस्त्री वापरतात तिला न्यायशास्त्रात 'अन्वय-व्यतिरेक' म्हणतात. हे असलं की ते असतं, हे काढलं की ते जातं. दोन्ही बाजू तपासायच्या. एकीवर थांबायचं नाही. नेहमीचे आजार या कसोटीवर लावून बघू.

*इंजिन एका सिलिंडरवर चुकतंय.* तीनच सिलिंडर असल्यामुळे एक गेला की एक-तृतीयांश ताकद गेली, चढावर लगेच कळतं. मिस्त्री इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या चिमट्याने, एकेका प्लगची वायर काढतो. वायर काढल्यावर आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करत होता. बदलला नाही तर दोषी तोच. हा झाला व्यतिरेक. मग त्या सिलिंडरचा प्लग दुसऱ्यात लावायचा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. जागेवरच राहिला तर वायर, व्हॉल्व्ह किंवा कम्प्रेशन बघायचं. दोन रुपयांची अक्कल वापरली की दोन हजारांचं सामान वाचतं. घरी वायरी ओढत बसू नका मात्र, हजारो व्होल्टचा झटका असतो.

*पावसाळ्यात सकाळी सुरू होत नाही.* २००० सालाच्या आधीच्या कार्बोरेटरच्या गाड्यांत ठिणगी वाटायचं काम डिस्ट्रिब्युटर करतो. त्याच्या टोपणात दमट हवा शिरली की ठिणगी प्लगपर्यंत जाण्याऐवजी ओल धरून भलतीकडे जाते. टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसलं आणि गाडी लागली, तर कारण कळलं. तेवढ्यासाठी बॅटरी बदलणारे मी पाहिले आहेत. नवी बॅटरी बसवेपर्यंत ऊन पडतं, टोपण आपोआप सुकतं, गाडी लागते, आणि श्रेय बॅटरीला. बघा, गाढव पुन्हा आलं!

*उन्हाळ्यात थांबून पुन्हा लावली तर लागत नाही.* बॉनेटखालच्या उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास थांबा. गार झाल्यावर लागली तर हाच आजार. २००० च्या सुमारास आलेल्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीकडे असतो आणि नळीत दाब असतो, त्यामुळे तिथे हा त्रास फारसा नाही.

*धूर.* निळा धूर म्हणजे तेल जळतंय. सकाळी पहिल्यांदा लावल्यावर भपकन येऊन गेला तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं. चालवताना जोर दिल्यावर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय: चोक अडकलाय, हवेचा फिल्टर तुंबलाय. पांढरा, थांबतच नाही असा, आणि पाणीही कमी होतंय, तर हेड गॅस्केट. थंडीत सकाळी दोन मिनिटं येणारी वाफ वेगळी, तिला घाबरू नका.

*टायमिंग बेल्ट.* वरचा कॅमशाफ्ट या इंजिनात दातेरी रबरी पट्ट्यावर फिरतो. फियाटमध्ये साखळी होती, ती आवाज करून आधी सांगायची. रबरी पट्टा काही सांगत नाही, एक दिवस तुटतो आणि इंजिन जागच्या जागी बंद. म्हणून तो पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला बदलायचाच. जुनी गाडी घेतली आणि आधी कधी बदलला ते कळत नसेल, तर पहिल्या महिन्यात बदला.

*तेल.* या इंजिनात तीन लिटरसुद्धा तेल मावत नाही. अर्धा लिटर जळालं तर मोठ्या इंजिनाला फारसं कळत नाही, याचा मात्र सहावा हिस्सा गेला. छोट्या इंजिनाला थोडं कमी पडलेलं चालतं, हा गैरसमज आहे. उलट त्याच्याजवळ शिल्लक कमी असते. तेलाची दांडी महिन्यातून दोनदा तरी काढून बघावी.

भरवसा कशाला म्हणायचं?

लोक म्हणतात, मारुती ८०० भरवशाची गाडी. मीही म्हणतो. पण भरवसा हा इंजिनाच्या लोखंडात भरून येणारा गुण नव्हे. डोंगरी रस्त्यावर, जड पाण्यावर, कुणाच्या हातात ती चालते, यावर तो ठरतो. या इंजिनाची रचना साधी आहे, सुटे भाग कुठेही मिळतात, आणि प्रत्येक तालुक्याला ते उघडू शकणारा माणूस आहे. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. ज्या पोराला मी बोललो तो अशाच माणसांपैकी एक होत होता.

मी त्याला शोधायला गेलो. मिस्त्रींकडून आलो त्याच संध्याकाळी. मालक म्हणाला, तो मामाकडे भोसरीला गेला. मालकाला खरं कारण सांगितलं, तोही गप्प झाला. पुढे दोन वेळा निरोप पाठवला. काही कळलं नाही. तो आज पन्नाशीच्या जवळ आला असेल. कदाचित स्वतःचं गॅरेज असेल, कदाचित तो त्या धंद्यातच राहिला नसेल. गाडीचं हेड फेसिंग करून आलं, पुढे सात वर्षं चालली. ते दुरुस्त होणारं होतं.

म्हणून मी आज इथे, याच गावात, हे जाहीरपणे सांगतोय. बेल्ट नीट ताणलेला होता.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*प्रश्न: काटा वर जायला लागला तर नेमकं काय करायचं?*

एसी असेल तर बंद करा. हीटर असेल तर पूर्ण सुरू करा. उकडेल, पण तो इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो. काटा तरी चढतच असेल तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि इंजिन बंद करा. माथ्यावर नाही, तिथेच. किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. नंतरही गार पाणी एकदम ओतू नका. आणि घरी आल्यावर पहिला प्रश्न, पाणी गेलं कुठे? भरायचं ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, पुस्तकात दिलेल्या प्रमाणात. थर्मोस्टॅट काढून टाका असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. इंजिन कायम गार राहिलं की पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते.

*प्रश्न: आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं. जुन्या मारुती त्यामुळेच बिघडतात का?*

इथेनॉल आपल्याच उसाचं, त्यामुळे इथे प्रश्न नाजूक आहे. जे हिशेबाने कळतं ते सांगतो. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्याचा वीस टक्के वाटा म्हणजे एकूण सहा-सात टक्के कमी. निव्वळ पेट्रोलवर वीस देणारी गाडी साडेअठराच्या आसपास आली तर ते समजण्यासारखं आहे. बारावर आली तर कारण दुसरीकडे शोधा. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधले रबरी भाग या इंधनासाठी बनवलेले नव्हते. ते फुगलेत, चिरलेत का ते तपासून घ्या आणि बदला. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. पण गेल्या मंगळवारी पेट्रोल भरलं आणि बुधवारी गाडी बंद पडली, एवढ्यावरून निकाल देऊ नका. बुधवारी आणखी काय काय घडलं ते विचारा. लाल बत्ती लागली होती का, ते आठवा.

आणि गॅरेजातलं पोरगं काही सांगत असेल, तर आधी ते ऐकून घ्या.